बाईंच्या वर्गातली पाच नावं

पुस्तकात काय लिहिलं आहे यापेक्षा काय लिहिलेलं नाही, याचीच बाईंना भारी हौस. कुठलंही पुस्तक हातात आलं की आधी त्याच्या पानापानांत कोरे कागद घालून ठेवायच्या. मग ते इतिहासाचं असो, पाककृतींचं असो, नाहीतर वॉर्ड ऑफिसनं घरोघर वाटलेलं कचरा कसा वेगळा करायचा त्याचं पुस्तक असो. वाचताना जे राहून गेलंय असं वाटेल ते त्या कोऱ्या कागदावर लिहायचं. कचऱ्याच्या पुस्तकात त्यांनी लिहून ठेवलं होतं, ‘गेलेल्या नवऱ्याचा चष्मा कोणत्या वारी टाकायचा?’ मला दाखवून त्या खो खो हसल्या होत्या. मला काही हसू आलं नाही.

बाई बेल्जियमच्या. तिकडे एका लहानशा गावात पंधरा वर्षं शाळेत इतिहास शिकवला, मग जहाज कंपनीतल्या एका जपानी माणसाशी लग्न करून योकोहामाला आल्या त्या आल्याच. नवरा जाऊन सात वर्षं झालेली, स्वतःचं मूल नाही, नवऱ्याच्या पहिल्या लग्नाचा एक मुलगा, तो लांब निइगाताला. ऐंशीला टेकलेल्या, पाठीतून वाकलेल्या, तरी माझ्यापेक्षा चार बोटं उंचच. आडनाव असं की उच्चारायला गेलं की मला ठसका लागायचा. शेवटी मी सांगून टाकलं, “आमच्याकडे शाळेत शिकवणाऱ्या बाईंना नुसतं ‘बाई’ म्हणतात. मी तेच म्हणू का?” त्यांनी चवीनं दोनदा म्हणून पाहिलं आणि म्हणाल्या, “चालेल. आखूड आहे, म्हाताऱ्या माणसाला बरं.” मला त्या इथल्या रीतीनं ‘देवरे-सान’ म्हणायच्या, देवरेसाहेब म्हणावं तसं. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, अडलं की जपानीत. इथे मी ते मराठीत सांगतोय, त्याला इलाज नाही.

आमची ओळख झाली ती वॉर्डाच्या नागरिक केंद्रात. योकोहामात असं केंद्र प्रत्येक वॉर्डात असतं. खाली काउंटर, वर लहान-मोठ्या खोल्या, आणि त्या खोल्यांत लोकांचे हौशी गट. कुणी गाणी म्हणतं, कुणी कागदाची फुलं करतं. मी तिथे फुकटच्या जपानी वर्गाची चौकशी करायला गेलो होतो. मागून कुणीतरी खांद्यावर टकटक केलं. “तुम्ही याच वॉर्डात राहता?” मला वाटलं, पुन्हा आपण चुकीच्या दिवशी प्लॅस्टिक टाकलं आणि ही तक्रार घेऊन आली. मी चाचरत हो म्हणालो. “छान,” बाई म्हणाल्या. “मग मला तुमची फार गरज आहे.”

गरज होती ती माझ्या नावाची. खोली मिळवायला गट नोंदवावा लागतो आणि गटात वॉर्डातली निदान पाच माणसं लागतात. बाईंचा दर रविवारी दुपारी दोन ते चार असा वर्ग होता. इथे राहणाऱ्या युरोपियन मुलांसाठी, युरोपच्या इतिहासाचा. विद्यार्थी किती? तीन. हाना नावाची मुलगी, बाप बेल्जियन, आई जपानी; आणि दोन फ्रेंच बहिणी. बाई धरून चार झाले. पाचवं माणूस नुकतंच गळालं होतं, त्या जागी मी. मला वाटलं, सही करायची आणि विसरून जायचं. बाई म्हणाल्या, “काउंटरवाले डोकी मोजतात. मी कान मोजते. रविवारी दोन वाजता या.”

आणि मी गेलो. का गेलो ते सरळ सांगतो, कारण मला जायला दुसरं कुठलंच ठिकाण नव्हतं. माझी बायको वर्षा आणि मुलगी मुक्ता त्याच उन्हाळ्यात पुण्याला गेल्या होत्या. मुक्ता आमच्याशी जपानीत बोलायला लागली होती. मराठीत विचारलं तर उत्तर जपानीत. आजीशी फोनवर तिला चार वाक्यं धड बोलता येईनात. वर्षानं ठरवलं, आठवी झाली, आता बास. मी राहिलो, कारण टोकियोतल्या एका बँकेच्या कामाचा करार होता आणि तो मोडायला मन होत नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसात ‘ओत्सुकारेसामा’, म्हणजे ‘दमलात, आता विश्रांती घ्या’, असं म्हणून निघालो की सोमवारी सकाळपर्यंत माझ्या तोंडून शब्द बाहेर पडायचा नाही. एकदा कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, पोरीनं विचारलं, भात गरम करून देऊ का, तर माझा आवाजच फुटेना. घसा खाकरून ‘हाय’, म्हणजे हो, म्हणावं लागलं.

शाळेत असताना इतिहासाशी माझं हाडवैर होतं. नाशिकला आमचा इतिहास म्हणजे सनावळ्या, जोड्या लावा, कारणे द्या आणि गाईडमधली उत्तरं जशीच्या तशी. एका तहाची सहा कलमं होती, मला पाचच आठवली, म्हणून छडी खाल्लेली अजून लक्षात आहे. तह कुणाचा होता ते मात्र पार विसरलो. हे मी बाईंना सांगितलं तर त्यांनी विचारलं, “त्या पुस्तकात आमच्याबद्दल काय होतं?” मी म्हटलं, “डच आले, वखारी घातल्या, मागे पडले.” “आम्ही डच नाही.” “मग तुम्ही पुस्तकात नव्हतातच, बाई.” त्या इतक्या खूश झाल्या की विचारू नका. लगेच कोरा कागद काढला आणि नाशिकच्या शाळेच्या नावानं त्यावर तारीख घालून नोंद केली.

त्यांच्या वर्गाची रीत अशी. बाईंकडे चाकांच्या बॅगेत शाळेची जुनी पाठ्यपुस्तकं असायची. जर्मन, फ्रेंच, बेल्जियन, पोलिश, इंग्लिश. एक लढाई घ्यायची आणि तीन देशांच्या पुस्तकांत ती काढायची. एका पुस्तकात ती चार पानं, दुसऱ्यात दोन ओळी, तिसऱ्यात तिचं नावसुद्धा वेगळं. मुलींनी प्रत्येक पुस्तकात काय गाळलंय ते शोधायचं आणि कोऱ्या कागदावर लिहायचं. फ्रेंच बहिणी सुरुवातीला आपल्या देशाची बाजू घेऊन भांडायच्या. बाई त्यांना मुद्दाम जर्मन पुस्तक द्यायच्या आणि म्हणायच्या, “आज तुम्ही तिकडच्या. आता भांडा.” मी मागच्या खुर्चीत बसून ऐकायचो. पहिल्या रविवारी लॅपटॉप नेला होता. बाईंनी तो स्वतःच्या हातानं मिटला.

एकदा मी विचारलं, “बाई, ही मुलं जपानात वाढतायत. इथेच कॉलेजला जातील, इथेच नोकरी करतील. त्यांना त्या जुन्या लढायांचं काय करायचंय?” बाईंनी हानाकडे बोट केलं. “ही अठरा वर्षांची झाली की हिला घरी मतपत्रिका येईल. हिच्या मतानं तिकडचं सरकार बनेल, कुणाला देशात घ्यायचं, कुणाला हाकलायचं ते ठरेल. मत देणाऱ्या माणसाला आपल्या देशानं काय लपवलं ते माहीत पाहिजे. देशानं काय चांगलं केलं ते पुढारी सांगतातच, त्यासाठी माझी गरज नाही.” हाना तेव्हा सतरा वर्षांची होती. जपानी शाळेत वाढलेली, वर्गात हात वर करून प्रश्न विचारायची सवयच नाही. बाई तिच्याकडून दर रविवारी एक प्रश्न वसूल केल्याशिवाय तिला उठू द्यायच्या नाहीत.

बाईंना हे खूळ कुठून लागलं ते मला पुढे कळलं. एका रविवारी बाकीचे गेल्यावर त्यांनी थर्मासमधला चहा ओतला आणि आपणहून सांगायला लागल्या. बेल्जियममध्ये त्या शिकवत होत्या तेव्हा त्यांच्या पुस्तकात काँगोबद्दल, म्हणजे आफ्रिकेतल्या त्यांच्या वसाहतीबद्दल, एक परिच्छेद होता, रस्ते बांधले, दवाखाने काढले, एवढाच. एक दिवस वर्गातली एक मुलगी आजोबांच्या पेटीतला फोटो घेऊन आली. आजोबा तिकडे मळ्यावर मुकादम होते. फोटोत ते पांढऱ्या टोपीत उभे, आणि शेजारी जी माणसं होती त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मुलीनं विचारलं, “बाई, माझ्या आजोबांनी काय केलं?” बाई म्हणाल्या, “मला ठाऊक होतं, देवरे-सान. सगळं नाही, पण पुरेसं ठाऊक होतं. मी तिला म्हटलं, ते परीक्षेला नाही. जागेवर बस.” ती मुलगी वर्षभर पुन्हा काही विचारायला आली नाही. बाई कपातल्या चहाकडे बघत होत्या. “खोटं मी एक अक्षर बोलले नव्हते,” त्या म्हणाल्या. मी थर्मासचं झाकण घट्ट लावलं आणि बॅग खाली नेऊन दिली.

त्यानंतर बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि वर्गाची कागदपत्रं माझ्याकडे आली. महिन्याच्या एक तारखेला खोलीसाठी चिठ्ठ्या निघतात, त्या मी उचलायचो. वर्ग संपला की किल्ली परत करून वापराची चिठ्ठी भरायची. गटाचं नाव, वेळ, आलेल्या माणसांची नावं आणि वयं, एकूण संख्या. काउंटरवर इशिदा-सान म्हणून एक शांत गृहस्थ असायचे. दोन्ही हातांनी चिठ्ठी घ्यायचे आणि वाकून ‘नेहमीप्रमाणे आभारी आहे’ म्हणायचे. आठवड्यात माझं नाव घेऊन माझ्याशी बोलणारी माणसं तीनच, त्यातले ते एक. बाकीच्या दोघी म्हणजे बाई आणि हाना.

मग फ्रेंच बहिणींच्या वडिलांची सिंगापूरला बदली झाली. पाचाचे तीन झालो. नियम साफ होता, पाच नसतील तर गट यादीतून कमी. मी माणसं शोधायचा खूप आटापिटा केला. ऑफिसातले पुण्याचे सगळे टोकियोपलीकडे ग्योतोकुला राहायचे, आमच्या वॉर्डात कुणी नाही. इकडच्या दोन मराठी घरांत विचारलं, तर रविवारी मुलांचं पोहणं आणि कराटे. “युरोपचा इतिहास?” एक जण म्हणाला, “अरे, आपलाच इतिहास मुलांना येत नाही!” त्यालाही मी दोष देत नाही. पण बाई दर रविवारी विचारायच्या, “मिळालं का कुणी?” आणि त्या विचारताना बॅगेचा दांडा ज्या तऱ्हेनं धरायच्या ना, ते मला बघवेना.

तेव्हा मी ती गोष्ट केली. वर्षा आणि मुक्ता गेल्या तेव्हा मी वॉर्ड ऑफिसात जाऊन त्या गेल्याची नोंद केली नव्हती. विमानतळावर ‘परत येणार’ या चौकटीत खूण केली होती. वर्षभरात परत आल्या तर सगळं तसंच राहतं. म्हणजे दप्तरात त्या दोघी अजून माझ्याच पत्त्यावर राहत होत्या. मी गटाची नवीन यादी भरली आणि त्यात दोन नावं घातली. वर्षा देवरे, वय त्रेचाळीस. मुक्ता देवरे, वय चौदा. इशिदा-साननी पत्ता ताडून पाहिला आणि शिक्का मारला. बाईंना मी सांगितलं, “मिळाले दोघं, पण त्यांना रविवारी जमेलच असं नाही.” बाईंनी माझे दोन्ही हात हातांत घेतले.

पुढे दर रविवारी चार वाजता चिठ्ठीवर मी पाच नावं लिहायचो. पहिल्यांदा इशिदा-सानकडे न बघताच चिठ्ठी पुढे सरकवली. पण दुसऱ्या-तिसऱ्या रविवारपासून मला त्याची ओढच लागली, हे कबूल करायला हवं. आपली बायको-मुलगी दोन तास आपल्याबरोबर एका खोलीत होत्या असं लिहायचं, खाली शिक्का घ्यायचा आणि घरी जायचं. जाताना पाय हलके पडायचे. ऑफिसात कुणी विचारलं, घरचे कसे आहेत, तर मी म्हणायचो, “येतायत, मुक्ताची दहावी झाली की.” वर्षाला मात्र मी कधी विचारलं नाही, येणार आहेस का म्हणून. ती काय म्हणेल याची मला धास्ती होती.

हे सात महिने चाललं. मार्चमधल्या एका रविवारी बाई आल्या त्याच एक जाड पाकीट घेऊन. “आज पुस्तकं नाहीत,” म्हणाल्या. “आज आपण आपलाच इतिहास तपासू. इशिदा-सानकडून मी गेल्या सहा महिन्यांच्या चिठ्ठ्यांच्या नकला मागून घेतल्यात. हाना, समज शंभर वर्षांनी तुला फक्त हे कागद सापडले. या वर्गाबद्दल तुला काय कळेल?” हाना एकेक कागद बघून खाली ठेवायला लागली. मी मागच्या खुर्चीतून तिच्या हातातल्या कागदांवरच्या तारखा वाचू बघत होतो.

“पाच माणसं होती,” हाना सावकाश म्हणाली. “सगळे नेहमी यायचे. एकही रविवार चुकला नाही.” मग थांबली. “वर्षा. मुक्ता, चौदा वर्षं.” तिनं माझ्याकडे पाहिलं. “देवरे-सान, मुक्ता-सान कोण?”

मी म्हटलं, “माझी मुलगी. नाव नियमाप्रमाणे आहे. वॉर्डाच्या दप्तराशी ताडून पाहा, कागदात काही चूक नाही.”

“कागद बरोबर आहे, ते ऐकलं मी,” बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “मी विचारतेय, खोलीत कोण होतं?”

त्या पोरीसमोर मला सांगावं लागलं. “त्या दोघी इथे नाहीत. पुण्याला असतात. दहा महिने झाले.” आणि एकदा तोंड उघडल्यावर पुढचंही बाहेर पडलं. “परत येतील असं मी सगळ्यांना सांगतो. मला माहीत नाही. मी विचारलेलंच नाही.” हानानं चिठ्ठ्या नीट एकावर एक रचल्या आणि मान खाली घातली. मला वाटलं, आता ही बाई समजून घेईल. म्हातारी आहे, एकटी आहे, हिला नाही कळणार तर कुणाला? बाई उठल्या, काठी घेतली आणि म्हणाल्या, “चला, खाली जाऊ. दोन नावं कमी करून येऊ.”

मी जिन्यात त्यांना विनवलं. “बाई, वर्ग बंद होईल. कुणाचं काय वाईट झालंय यात?” त्या कठडा धरून थांबल्या. “मी त्या मुलीला शिकवते की कागदावर विश्वास ठेवण्याआधी विचार. तिनं विचारलं. आता मी तिला जागेवर बस म्हणू?”

काउंटरवर बाईंनी स्वतः जपानीत सगळं सांगितलं. इशिदा-साननी दातांतून हवा ओढली, जपानी माणूस अडचणीत आला की ओढतो तशी. मग हळूच म्हणाले, “तिघंच जिना उतरता, ते मी दर रविवारी बघत होतो. आम्ही वर येऊन मोजत नाही. पण आता तुम्ही सांगितल्यावर मला न ऐकल्यासारखं करता येणार नाही.” त्यांनी पट्टी घेऊन माझ्या बायको-मुलीच्या नावांवर दोन सरळ रेघा मारल्या आणि शेजारी माझ्या नावाचा शिक्का मागितला, इथे सहीच्या जागी तोच लागतो. मी शिक्का मारला. चालू वर्षात पुन्हा नोंदणी नाही, खोली त्या महिनाअखेरपर्यंत. इशिदा-सान माझ्यापेक्षा जास्त वाकले.

मला बाईंचा भयंकर राग आला होता. एवढा कसला सत्याचा पुळका! तीन रविवार मी तिकडे फिरकलो नाही. घरी बसून स्वतःशीच भांडत होतो. माझ्या रेघा मारलेल्या माणसांचं हिला काय, हिचं तर कुणी नाहीच, असलं काहीबाही बोललो. भिंतीला बोललो, तरी बोललो ते बोललोच. चौथ्या शनिवारी हानाचा निरोप आला, आता वर्ग स्टेशनजवळच्या फॅमिली रेस्टॉरंटात भरतो, कोपऱ्यातलं टेबल. खाली लिहिलं होतं, ‘बाई दर वेळी तीन कप मांडतात.’

मी गेलो. बाईंनी कप पुढे सरकवला आणि कुठल्या पानावर आहोत ते सांगितलं, बस. शेजारच्या टेबलावर वाढदिवस, मागे रडणारं बाळ, आणि आमच्या टेबलावर एकोणिसाव्या शतकातल्या युरोपचा नकाशा. बाईंना आता पानं दिसतच नव्हती. हाना वाचायची, मी कोऱ्या कागदावर लिहायचो. असे पाच-सहा महिने गेले. एका रविवारी हाना बेल्जियमहून आलेलं पाकीट घेऊन आली. मतपत्रिका. तिनं ती टेबलावर उघडली आणि विचारलं, “बाई, मी कुणाला देऊ?”

बाईंनी चक्क खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं. “मला विचारूनच द्यायचं होतं तर चार वर्षं मी तुला शिकवलं कशाला?” मग माझ्यावर खेकसल्या, “देवरे-सान, तुम्हीही फिरा.” मीही फिरलो. दोघं भिंतीकडे तोंड करून बसलेले, आणि वेट्रेस बिचारी आमच्याकडे बघतेय, भांडण झालं की काय म्हणून. मागे पेन्सिल चालल्याचा आवाज आला, मग पुसल्याचा, मग पुन्हा चालल्याचा. बाईंचे डोळे भरून वाहत होते. मोतीबिंदूचं पाणी येतं म्हणाल्या. हानानं पाकीट चिकटवलं, तिघं मिळून स्टेशनसमोरच्या लाल पेटीपर्यंत चालत गेलो आणि तिनं ते आत टाकलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात बाईंच्या सावत्र मुलानं त्यांना निइगाताला नेलं, त्याच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात. टोकियो स्टेशनवर मी आणि हाना सोडायला गेलो होतो. मुलगा प्रवासातल्या जेवणाचे डबे आणायला गेला तेवढ्यात बाईंनी मला जवळ बोलावलं. “ती दोन नावं मी खोडायला लावली. त्याची माफी मागणार नाही.” मी म्हटलं, “मागू नका.” “पण तुमच्याकडे तेवढीच होती, हे मला त्या दिवशी कळलं होतं. कळूनही मी जिना उतरले. त्याबद्दल वाईट वाटतं, ते रोज वाटतं.” मला त्यांच्या पाया पडायचं होतं. तिथे रांगा, सुटकेसी, माणसं. मी नुसता वाकलो, इशिदा-सान वाकतात तसा. बाई डब्यात चढल्या. काचेतून आम्ही त्यांना दिसत नव्हतो, तरी त्या भलत्याच दिशेला हात हलवत राहिल्या, आणि हाना पळत जाऊन त्या दिशेला उभी राहिली.

फेब्रुवारीत एका रविवारी दुपारी हानाचा फोन आला. बाई गेल्या. झोपेतच गेल्या, मुलानं कळवलं. हाना रडत होती. मी तिला काय काय सांगितलं ते आठवत नाही. फोन ठेवला आणि खोलीत बसून राहिलो. ही बातमी सांगायला मला माणूस नव्हतं. बाईंना ओळखणारं माझ्या जगात कुणीच नव्हतं, कारण घरी मी त्यांच्याबद्दल कधी बोललोच नव्हतो. बोललो असतो तर यादीचंही सांगावं लागलं असतं.

मी पुण्याला फोन लावला. वर्षा बाहेर गेली होती, मुक्तानं उचलला. मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. वर्ग, पुस्तकं, पाच नावं. मग ती म्हणाली, “बाबा, तू माझं नाव खोटं लिहिलंस?” आता तिचं मराठी स्वच्छ झालं होतं.

“हो.”

“सात महिने?”

“हो. लिहिलं की तू आहेस असं वाटायचं.” मी म्हटलं, “मुक्ता, मी आईला आजपर्यंत एक विचारलं नाही. तुला विचारतो. तुम्ही दोघी परत येणार आहात?”

“नाही, बाबा,” ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. “आई म्हणाली होती, एवढ्यात सांगू नको त्याला. मला माझी शाळा आवडते इथे. आईनं नोकरी घेतलीय. आम्ही नाही येणार.”

“बरं केलंस सांगितलंस,” मी म्हणालो, आणि ते मी मनापासून म्हणालो. जवळजवळ दोन वर्षं ज्या उत्तराला मी भीत होतो ते ऐकूनही मी त्याच खोलीत, त्याच खुर्चीत बसलेलो होतो. तिला म्हटलं, रडू नको. करार सप्टेंबरला संपतो, मी वाढवून घेत नाही. मीच येतो. ती म्हणाली, “नक्की? की नुसतं म्हणतोयस?” मी म्हटलं, नक्की, लिहून देतो.

मंगळवारी वॉर्ड ऑफिसात गेलो. परत यायची एका वर्षाची मुदत कधीच उलटून गेली होती, तरी खिडकीतल्या मुलीनं न रागावता फॉर्म दिला. वर्षा आणि मुक्ता ज्या दिवशी गेल्या तो खरा दिवस मी लिहिला, दोघींची नावं माझ्या पत्त्यावरून कमी केली आणि बाहेर येऊन बाकावर बसलो. आता दप्तरातही मी एकटा झालो होतो. बाई, हे तुम्हाला सांगायचं होतं.